सळईवरचा ब्राझील

टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेला ॲडिसन नावाचं छोटं उपनगर आहे. १९९७ साली तिथे ‘फोगो दे शाऊँ’ या ब्राझिलियन रेस्टॉरंटची अमेरिकेतली पहिली शाखा उघडली. पुढच्याच वर्षी त्याच ॲडिसनमध्ये ‘टेक्सास दे ब्राझील’ सुरू झालं. डेन्व्हरला तर १९९५ मध्येच ‘रोडीझियो ग्रिल’ निघालं होतं. आज अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशी दोन-तीन ठिकाणं सहज सापडतात. तिथल्या मराठी घरांतही कुणाला बढती मिळाली, कुणाची मुलगी पदवीधर झाली, की ‘या वेळी ब्राझिलियनला जाऊ या’ असा बेत ठरतो. मग प्रश्न येतो, नेमकं कुठल्या?

बाहेरून बघाल तर सगळी एकसारखीच दिसतात. त्याच हातभर लांब सळया, तीच ढगळ विजार आणि उंच बूट घातलेली वाढपी मंडळी, तेच सॅलडचं भलंमोठं टेबल आणि माणशी ठरावीक दर. बहुतेक लोक मग मांसाचे प्रकार मोजतात. इथे पंधरा, तिथे अठरा, मग अठरावालं बरं. माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी विस्तव बघावा, मग मीठ, आणि मग सळई किती वेळा भट्टीकडे परत जाते ते. या तीन गोष्टींत सगळं शुरास्को आलं. त्या समजून घेताना आपण कुठून कुठे जाऊन पोहोचतो, याचं मला आजही नवल वाटतं.

शुरास्को म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, आणि ते जिथे मिळतं ती शुरास्कारिया. रोडीझियो ही तिथली वाढण्याची रीत. तुम्ही बसलात की ताटाशेजारी एक चकती येते, एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल. हिरवी बाजू वर ठेवली की वाढपी एकामागून एक येत राहतात, प्रत्येकाच्या हातात वेगळ्या मांसाची सळई. लाल बाजू वर केली की ते वाट बदलून शेजारच्या टेबलाकडे वळतात. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘बार्बेक्यू नेशन’मध्ये टेबलावरचा छोटा झेंडा हेच काम करतो, त्यामुळे आपल्याला ही पद्धत अगदीच अनोळखी नाही. फरक असा, की तिथे छोटे तुकडे ओवलेली सळई तुमच्या टेबलावरच्या शेगडीत येऊन बसते. ब्राझीलमध्ये मांसाचा अख्खा मोठा तुकडा सळईवर असतो, आणि तो तुमच्यापाशी थोडा वेळ थांबून पुढे जातो.

हे थोडा वेळ थांबणं नीट बघण्यासारखं असतं. पिकान्या येईल तेव्हा बघा. गुराच्या पुठ्ठ्यावरचा हा त्रिकोणी तुकडा. त्याच्या एका अंगाला बोटभर जाडीचा चरबीचा थर असतो. त्याचे दोन-तीन जाड काप करून, चरबी बाहेरच्या बाजूला येईल असे अर्धचंद्रासारखे वाकवून ते सळईत ओवलेले असतात. वाढपी सळईचं टोक हातातल्या छोट्या थाळीत टेकवतो आणि सुरी वरून खाली नेतो. काप सुटायला लागला की तुम्ही तो तुमच्याजवळच्या लहान चिमट्यानं धरायचा. शेवटचा धागा तुटतो, पातळ काप चिमट्यात लोंबतो. एका कडेला सोनेरी झालेली चरबी, मग गडद तपकिरी कड, मग गुलाबी गाभा. आणि सळईवर, जिथून तो काप निघाला तिथे, आतलं ओलसर लालसर मांस उघडं पडलेलं असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वाढपी चार-पाच टेबलं फिरतो, भाजलेला बाहेरचा थर संपतो, आणि सळई पुन्हा भट्टीकडे जाते. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर पुन्हा मीठ पडतं, पुन्हा निखाऱ्यांची धग लागते, पुन्हा तपकिरी थर धरतो आणि सळई परत फिरायला निघते. या साध्या फेऱ्यामागे केवढं रसायन आहे!

मांस भाजल्यावर जो खमंगपणा येतो तो मुख्यतः त्याच्या पृष्ठभागावरच तयार होतो. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा उष्णतेनं एकमेकांशी जोडल्या जातात आणि त्यातून रंगाचे, वासाचे, चवीचे शेकडो नवे पदार्थ जन्माला येतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. ती जोरात चालायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान लागतं. पण मांसात पाणी भरपूर, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर चढतच नाही. म्हणजे पृष्ठभाग कोरडा पडून करपण्याच्या जवळ यायला हवा. आतली कथा नेमकी उलट. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे मांसाचे तंतू आक्रसायला लागतात, रस बाहेर फेकतात, आणि मांस चामट होत जातं. बाहेर दीडशे हवेत, आत पंचावन्न-साठच्या पुढे जाता कामा नये. मांस भाजणाऱ्या प्रत्येक आचाऱ्याची लढाई या दोन आकड्यांमधली असते.

एक-दोन किलोचा अख्खा तुकडा भाजला तर खमंग थर मिळतो फक्त बाहेरच्या कडेला, बाकी सगळा गाभा. लहान तुकडे केले तर थर भरपूर, पण आतला रस आटतो. सळईच्या फेऱ्यांनी हा पेच सोडवला. तुकडा मोठाच ठेवायचा म्हणजे आत रस टिकतो, आणि दर फेरीला फक्त बाहेरचा थर उतरवायचा म्हणजे प्रत्येकाच्या ताटात खमंग कड येते. त्या तुकड्याचा जवळजवळ प्रत्येक इंच कधी ना कधी पृष्ठभाग बनतो. पश्चिम आशियातल्या शोरमाची उभी सळई याच तत्त्वावर फिरते. हजारो मैल दूरच्या दोन मुलखांतले लोक अग्नीशी झगडत एकाच उत्तरापाशी आले, हे मला फार विलक्षण वाटतं.

मग मीठ. अस्सल शुरास्कोला मसाला नाही, लसूण-आलं नाही, दह्यात मुरवणं नाही. फक्त खडेमीठ, आणि तेही बहुधा विस्तवावर ठेवायच्या जरा आधी. बारीक मीठ लगेच विरघळून मांसात शिरतं, वर पाणी सुटतं आणि पदार्थ खारट होण्याची भीती असते. जाड खडे हळू विरघळतात. लागेल तेवढं मीठ मांस घेतं, उरलेले खडे सुरीच्या पाठीनं झटकून टाकतात. चरबी वितळते, ओघळते, वाटेत मीठ घेत मांसावरून उतरते आणि शेवटी निखाऱ्यांवर ठिबकते. त्यातून उठणारा धूर पुन्हा मांसालाच लागतो. दक्षिण ब्राझीलमध्ये कोळसा पुष्कळदा बाभळीच्या कुळातल्या काळ्या अकेशियाचा असतो, नाहीतर निलगिरीचा. अमेरिकेतल्या बऱ्याच शाखांत मात्र गॅसच्या भट्ट्या असतात. गॅसवर मांस वाईट भाजलं जातं असं मुळीच नाही, पण चरबी कोळशावर पडल्यावर जो वास उठतो तो तिथे पूर्ण मिळत नाही.

या साधेपणाचं मूळ दारिद्र्यात आहे, आणि त्याच वेळी अफाट सुबत्तेतही. ब्राझीलच्या अगदी दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे दो सूल हे राज्य आहे, उरुग्वे आणि अर्जेंटिनाला लागून. पांपा नावाची गवताळ मैदानं तिथूनच सुरू होतात. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ग्वारानी आदिवासींच्या वस्त्यांसाठी तिथे गुरं आणली. पुढे माणसं पकडून गुलाम करणाऱ्या टोळ्यांच्या धाडींनी त्या वस्त्या उठल्या, गुरं मागे राहिली आणि मोकाट मैदानात बेसुमार वाढली. त्या काळी किंमत होती कातड्याला आणि चरबीला. मांस टिकवायची सोय नव्हती, म्हणून ते मैदानातच पडून राहायचं. घोड्यावरून गुरं हाकणारा गाऊशो जवळ काय बाळगणार? सुरी आणि मीठ. जमिनीत खळगा करून विस्तव पेटवायचा, बरगड्यांचा मोठा तुकडा काठीला बांधून ती काठी विस्तवाच्या कडेनं तिरकी रोवायची आणि तासन् तास वाट बघायची. जमिनीवरच्या या विस्तवालाच फोगो दे शाऊँ म्हणतात. वर ज्याचं नाव आलं त्या रेस्टॉरंटनं १९७९ साली पोर्तो आलेग्रे शहरात सुरुवात करताना हेच नाव घेतलं.

बरगड्यांना तासन् तास लागतात त्याचंही कारण आहे. त्यात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. झटपट भाजलं तर ते रबरासारखं लागतं. मंद धगीवर बराच वेळ ठेवलं की ते हळूहळू जिलेटिनमध्ये बदलतं आणि मांस हाडावरून आपोआप सुटतं. म्हणून चांगल्या शुरास्कारियात पिकान्याची सळई भराभर फिरते आणि बरगड्या मात्र सकाळपासून एका कोपऱ्यात बसलेल्या असतात. एकाच भट्टीत ही दोन वेगळी घड्याळं चालवणं, यातच शुरास्केरोची, म्हणजे भाजणाऱ्या आचाऱ्याची, खरी कसोटी.

त्या मैदानांच्या इतिहासात एक काळं प्रकरण आहे आणि ते वगळून पुढे जाणं बरोबर नाही. १७८० च्या सुमारास पेलोतास गावाजवळ मांस खारवून वाळवण्याचे मोठे कारखाने सुरू झाले. शार्के नावाचं ते खारवलेलं मांस ब्राझीलच्या उसाच्या मळ्यांत आणि कॅरिबियन बेटांवर जायचं, गुलामांना खायला घालण्यासाठी. ते खारवणारे हातही आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचेच होते. १८३५ ते १८४५ अशी दहा वर्षं रिओ ग्रांदे दो सूल ब्राझीलच्या मध्यवर्ती सरकारशी लढलं, त्यामागचं एक मोठं कारण या शार्केवरचे कर. गाऊशोच्या स्वातंत्र्याची गाणी गाताना हे विसरू नये.

पांपावरचा हा विस्तव शहरातल्या टेबलापर्यंत आणला तो मुख्यतः इटालियन शेतकऱ्यांच्या नातवंडांनी. १८७५ पासून उत्तर इटलीतली गरीब कुटुंबं या राज्याच्या डोंगराळ भागात येऊन वसली. तिथलं नोव्हा ब्रेशिया हे छोटंसं गाव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली तरुण मुलं बाहेर पडली आणि ब्राझीलभर महामार्गांच्या कडेनं शुरास्कारिया काढत गेली. गावात आज शुरास्केरोचा पुतळा आहे. शुरास्कारियात मांसाबरोबर मक्याच्या पिठाचा तळलेला पोलेंटा मिळतो तो याच लोकांमुळे. रोडीझियोचा जन्मही महामार्गावरचाच. सांगतात ते असं: साओ पावलो राज्यात जाकुपिरांगाजवळच्या एका धाब्यावर गर्दीच्या दिवशी वाढप्यानं टेबलांच्या ऑर्डरी एकमेकांत मिसळल्या. गोंधळ निस्तरायला मालकानं हुकूम केला की सगळ्यांना सगळं वाढा. गिऱ्हाईक खूश झालं आणि पद्धत रूढ झाली. यावर हक्क सांगणारे इतरही आहेत, पण ट्रकचालकांच्या भुकेवर आणि घाईवर बेतलेली ही रीत असावी हे मला पटतं. रिओ ग्रांदे दो सूलनं २००३ साली कायदा करून शुरास्कोला राज्याचा खास पदार्थ ठरवलं.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टीकडे येतो. ब्राझीलमधल्या चांगल्या शुरास्कारियात एक सळई येते, तिच्यावरचं मांस मऊ, धाग्याधाग्यांचं, चरबीच्या बारीक रेषांनी भरलेलं असतं. त्याला कुपिम म्हणतात. कुपिम म्हणजे बैलाचं वशिंड. आणि वशिंड असलेली गुरं अमेरिका खंडात मुळात नव्हतीच. युरोपातून आणलेल्या गुरांनाही वशिंड नसतं. ते गेलं आपल्याकडून.

ब्राझीलच्या नोंदींप्रमाणे १८६८ साली एका जहाजातून ओंगोल जातीची जोडी बाहिया प्रांतातल्या साल्व्हादोर बंदरात उतरली आणि तिथेच विकली गेली. दहा वर्षांनी रिओच्या एका पशुपालकानं हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात अशी जनावरं पाहिली आणि एक जोडी मागवून घेतली. पुढे मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबा गावचे व्यापारी थेट हिंदुस्थानात येऊ लागले. आंध्रचे ओंगोल, काठियावाडचे गीर, गुजरातचे कांकरेज असे कळपच्या कळप समुद्रापार गेले. नेल्लोर जिल्ह्यावरून ओंगोलला तिकडे नेलोर हे नाव पडलं, आणि ब्राझीलच्या मांसाच्या कळपांत आज सर्वांत मोठा वाटा नेलोरचाच आहे. १९६० च्या सुमारास भावनगरच्या महाराजांकडून गेलेला कृष्णा नावाचा गीर वळू तिकडच्या दुभत्या गीरच्या वंशावळीत आजही मानानं सांगितला जातो.

का नेली इतकी? कारण ब्राझीलच्या उष्ण, दमट मध्यभागात युरोपी गुरं टिकत नव्हती. ऊन सोसत नव्हतं, गोचीड रक्त पीत होती, गवत निकस होतं. आपल्या गुरांची सैल कातडी, जास्त घाम गाळण्याची ताकद आणि गोचिडांना तोंड देण्याचा चिवटपणा तिथे कामी आला. खिलार बैल भर उन्हात नांगर ओढताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख भरली. तिथली गुरं त्याहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर वशिंड आहे.

या वाहतुकीचा एक परिणाम तर साऱ्या जगावर झाला. १९२० साली ब्राझीलकडे निघालेली हिंदुस्थानी गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्यामार्फत बुळकांडी या गुरांच्या रोगाची साथ युरोपात शिरली. त्या धक्क्यातून देश एकत्र आले आणि १९२४ मध्ये पॅरिसला जनावरांच्या रोगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. बुळकांडीचं पृथ्वीवरून समूळ उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ साली झाली. माणसानं देवीनंतर संपवलेला हा दुसराच रोग.

वशिंड म्हणजे उंटाच्या मदारीसारखी चरबीची गाठ, असा समज असतो, तो बरोबर नाही. तो खांद्यावरचा स्नायूच आहे, फक्त त्यात चरबी आणि कोलॅजेन खोलवर विणलेलं असतं. म्हणून तो थेट निखाऱ्यावर टाकला तर चावला जात नाही. आधी गुंडाळून मंद आचेवर कित्येक तास ठेवतात आणि मग शेवटी भट्टीवर रंग आणतात. खुद्द रिओ ग्रांदे दो सूलमध्ये हवा थंड, त्यामुळे तिथल्या कुरणांत हिअरफर्ड, अँगससारखी युरोपी गुरं भरपूर. म्हणजे गाऊशोच्या जुन्या जेवणात कुपिम नव्हताच. तो नंतर, देशाच्या मध्यभागातून आला. अमेरिकेतल्या शाखांत तो क्वचितच दिसतो, कारण तिथल्या बहुतेक गुरांना वशिंड नाही. तेव्हा अमेरिकेत कुपिम नाही म्हणून एखाद्या ठिकाणाला नावं ठेवू नका. साओ पावलोत किंवा रिओत असाल तर मात्र जरूर विचारा, आणि तो मऊ आहे का ते बघा. ज्या ठिकाणी कुपिम नीट होतो तिथे वाट बघायची तयारी आहे, आणि तशा ठिकाणी बाकीचं सहसा चुकत नाही.

आपल्यातले अनेक जण गोवंशाचं मांस खात नाहीत, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू या सगळ्यांच्याच कत्तलीवर बंदी आहे. त्यांनी शुरास्कारियात जाऊच नये असं मला वाटत नाही. कोंबडीच्या सळया येतात, डुकराच्या आणि मेंढीच्या येतात, लिंग्विसा नावाचे सॉसेज येतात. दालचिनी लावून भाजलेला अख्खा अननस तर मला पिकान्याच्या बरोबरीचा वाटतो. कोआल्यो नावाचं चीज निखाऱ्यावर भाजतात, ते वितळत नाही, वरून कुरकुरीत होतं आणि दाताखाली किंचित करकरतं. अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी नुसत्या सॅलडच्या टेबलाचा वेगळा, कमी दर असतो. पक्क्या शाकाहाऱ्यांनी मात्र तीन ठिकाणी सावध राहावं. काळ्या घेवड्याच्या उसळीत बहुधा डुकराचं मांस असतं, फारोफ्यात पुष्कळदा बेकनचे तुकडे असतात, आणि चीजच्या गोल पावांत अंडं असतं. हे वाढप्याला आधीच विचारून घ्यावं, आणि अननस व चीज कशाच्या शेजारी भाजलं तेही.

फारोफा हा शब्द आलाच आहे तर जरा थांबू. कसाव्याच्या कंदाचं जाडसर पीठ लोण्यात किंवा चरबीत परतलेलं, रंगानं सोनेरी, दिसायला रव्यासारखं. मांसाचा काप त्यात घोळवायचा म्हणजे सुटलेला रस वाया जात नाही. चीजचे ते छोटे पावही कसाव्याच्याच पिठाचे, त्यात गहू अजिबात नाही. हा कंद मूळचा तिथला. त्याच्या कडू जातीत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. ती काढण्यासाठी तिथल्या आदिवासींनी लांब, ताणली की आवळत जाणारी पिशवी विणली. तिच्यात किसलेला कंद भरून ते विषारी पाणी पिळून काढत, आणि उरलेला चोथा भाजून पीठ करत. पोर्तुगीज जहाजांबरोबर हा कंद भारतात आला. आपला साबुदाणा त्याच्याच सत्त्वाचा, तमिळनाडूत सेलमच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर होतो. म्हणजे एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा अमेरिका खंडातला, दाणे तिकडचे, मिरची तिकडची, घातलात तर बटाटाही तिकडचा. गोव्यातला काजूही ब्राझीलहूनच आलेला. त्यांनी आपल्याला उपासाचं ताट दिलं आणि आपल्याकडून वशिंडाचे बैल नेले. हा व्यवहार ज्या टेबलावर एकत्र दिसतो ते टेबल मला शुरास्कारियाचं वाटतं.

तर मग निवड. जाण्यापूर्वी दोन ठिकाणांतला फरक फोनवरही कळतो. दरात काय धरलं आहे ते विचारा, कारण पेयं आणि गोड पदार्थ बहुधा वेगळे असतात, आणि ब्राझीलमध्ये बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावायची रीत आहे. आठवड्यातल्या दुपारी दर कमी असतो खरा, पण रिकाम्या रेस्टॉरंटात सळया कमी फिरतात आणि मांस भट्टीबाहेर ताटकळतं. माझं मत विचाराल तर थोडे जास्त पैसे देऊन रविवारी दुपारीच जावं. दक्षिण ब्राझीलमध्ये शुरास्कोचा मुहूर्त तोच, आणि गर्दी असली की सळई सतत विस्तवावरून थेट टेबलावर येते. बसल्यावर सुरुवातीला सॉसेज आणि कोंबडी येईल, चीजचे पाव पुन्हा पुन्हा भरले जातील. पोट तिथेच भरू देऊ नका. चकती लाल ठेवा, आजूबाजूला काय फिरतंय ते बघा आणि पिकान्या दिसली की हिरवी करा. वाढप्याला सांगितलंत तर तो हवा तसा, कमी भाजलेला किंवा कडेचा जास्त भाजलेला काप देतो. भिडस्तपणा करू नये, हे विचारणं तिथे अपेक्षितच असतं. चांगल्या ठिकाणी अर्ध्या तासात तीच सळई दोनदा तुमच्यापाशी येते आणि दुसऱ्यांदाही तिच्यावर ताजा तपकिरी थर असतो. जिथे दुसऱ्या खेपेला करडं, कोमट मांस येतं, तिथे भट्टी आणि टेबल यांच्यातला तो फेरा तुटलेला आहे. मग प्रकार अठरा असोत की अठ्ठावीस.

ब्राझीलमध्ये जेवत असाल तर मांस कुठून येतं हेही विचारा. ॲमेझॉनचं जंगल तुटण्यामागचं सर्वांत मोठं कारण गुरांची कुरणं हेच आहे. २००९ साली मोठ्या मांस कंपन्यांनी जंगलतोड करून केलेल्या कुरणांतली गुरं न घेण्याचं कबूल केलं. पण वासरू एका कुरणात जन्मतं, दुसऱ्यात वाढतं आणि तिसऱ्यातून विकलं जातं, त्यामुळे पहिल्या कुरणाचा माग लागत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं तर मालकाला उत्तर शोधावं लागतं, आणि असे प्रश्न आज फार कमी लोक विचारतात. दक्षिणेच्या पांपावरच्या गुरांचं मांस घेणारी ठिकाणं ते अभिमानानं सांगतात. तशी मिळाली तर त्यांना पहिली पसंती द्या.

आणि दोन ठिकाणं सगळ्या बाबतींत तुल्यबळ निघाली, तर टेबल राखून ठेवताना एकच प्रश्न विचारा: तुमची भट्टी कोळशाची की गॅसची? ज्यांची कोळशाची असेल, त्यांच्याकडे जा.